दोन किल्ल्यांचं कुलूप

माझ्या बायकोला तिच्या धाकट्या बहिणीचा मत्सर वाटतो. हे मी तिच्या पाठीमागे सांगत नाहीये. ते तिला ठाऊक आहे, धाकटीला ठाऊक आहे, आणि माझ्या तिकीटखिडकीत रोज येऊन झोपणाऱ्या मांजरालाही ठाऊक आहे. खिडकीमागे असलेल्या वर्कशॉपमध्ये बाबांनी धाकटीला "वा!" म्हटलं, की आमच्या हिच्या हातातली कानस खसाखसा चालायला लागते. आज कौतुक कोणाच्या वाट्याला आलं ते मला खिडकीत बसून आवाजावरून कळतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर लोकांची कुलपं दुरुस्त केली आणि लोकांनी टाकून दिलेली घरी आणली. ती इतकी साठली की दुकानाचं संग्रहालय झालं. पुढे दोन दालनं, मागे वर्कशॉप, आणि दाराशी तिकीटखिडकी, जी माझ्याकडे आहे. मला कुलपांतलं ओ की ठो कळत नाही. बाहेर कुठे ही लाज वाटण्याची गोष्ट असेल, पण या घरात ते पद आहे.

कारण बाबांची एक पद्धत आहे. प्रत्येक कुलपाखाली छोटी पितळी पाटी असते आणि तिच्यावर ते कुलूप कसं चालतं ते लिहिलेलं असतं. पण लिहिली आणि ठोकली, असं चालत नाही. आधी पाटीची परीक्षा होते. ज्याने पाटी लिहिली त्याने ती मोठ्याने वाचायची, आणि ज्याला कुलपांतलं काही कळत नाही त्याने ती सांगेल तसं, अगदी शब्दाला शब्द धरून करायचं. कुलूप तसंच वागलं तर पाटी लागते. न कळणारा माणूस म्हणून बाबांनी मला ठेवलंय. लग्न ठरवताना त्यांनी याचा विचार केला होता की काय, असं मला कधीकधी वाटतं.

आणि जे कुलूप कोणालाच उलगडलं नाही त्याच्याखाली कोरी पाटी लागते. "आपल्याला माहीत नाही, हेही लोकांना दिसू दे की," असं बाबा म्हणतात.

अशा कोऱ्या पाट्या हळूहळू भरत गेल्या आणि शेवटी एकच उरली. पहिल्या दालनात मधोमध ठेवलेलं, उशीएवढं लोखंडी कुलूप. त्याला किल्लीची दोन भोकं. एक समोर, एक कुशीला. समोरच्या भोकाची किल्ली आमच्याकडे होती, पण ती आत जाई आणि फिरत नसे. कुशीच्या भोकाची किल्ली नव्हतीच. हे कुलूप उघडलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं.

अलीकडे बाबांचे हात थरथरायला लागले. एके सकाळी त्यांनी दोघी मुलींना समोर बसवलं आणि म्हणाले, "या पाटीवर जी लिहील, ती माझ्या स्टुलावर बसेल."

स्टूल म्हणजे वर्कशॉपमधल्या खिडकीखालचं, तीन पायांचं, बसून बसून गुळगुळीत झालेलं. पण त्यावर जो बसतो तो ठरवतो, कुठलं कुलूप घ्यायचं, कुठलं खोलायचं, कुठल्याला हात लावायचा नाही. आमची ही शाळेत असल्यापासून त्या स्टुलाच्या शेजारी उभी राहून शिकली. बाबांच्या आजारपणात सगळा डोलारा हिने सांभाळला. धाकटी शिकायला बाहेर गेली, तिकडेच नोकरीला लागली, आणि दोन वर्षांपूर्वी परत आली ती लॅपटॉप घेऊन.

"आयती आली," ही घरी म्हणाली. "सगळं मांडून ठेवलेलं, ही येऊन फक्त बसणार."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते फार वापरतो.

धाकटी कामाला लागली ती एआयला हाताशी धरून. कुलपाचे फोटो काढले, मापं घेतली, आतल्या पट्ट्यांचा आवाज रेकॉर्ड केला आणि सगळं त्याच्यापुढे टाकलं. मी चहा द्यायला गेलो तेव्हा ती त्याच्याशी चक्क भांडत होती. मोठ्याने बोलून विचारायची सवय आहे तिला.

"हे व्यापाऱ्यांचं कुलूप होतं म्हणतोस, ते कशावरून? ... पुरावा नाही ना? मग काढून टाक ते. आता मला चार वेगवेगळ्या शक्यता सांग. आणि प्रत्येक शक्यता खोटी असेल, तर ते मला कसं कळेल, तेही सांग."

"भावोजी," माझ्याकडे वळून म्हणाली, "हा फार गोड बोलतो. याच्याकडून काम करून घ्यायचं तर आधी याची गाडी अडवावी लागते."

त्या चार शक्यता तिने भिंतीवर चिकटवल्या. मग कोऱ्या किल्लीवर दिव्याची काजळी धरायची, ती कुशीच्या भोकात घालून हलवायची, काजळी जिथे पुसली जाईल तिथे कानस मारायची, असं सुरू केलं. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. मधूनमधून भिंतीवरच्या एखाद्या शक्यतेवर काट मारायची. बाबा बाजूला बसून बघत असत. एकदा म्हणाले, "हात हलका झाला हं तुझा."

ते वाक्य आमच्या हिने ऐकलं. घरी आल्यावर चप्पल एक इकडे, एक तिकडे.

"माझा हात जन्मापासून हलका आहे. मला कधी म्हणाले? सांगा ना, कधी म्हणाले?"

त्या संध्याकाळी हिनेही मोबाइलवर एआय घेतला.

आता माझी पाळी आली जळायची. तोवर संध्याकाळचा चहा आमचा दोघांचा असायचा. मी दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचो, ही नाक मुरडत ऐकायची. आता चहाला तिसरा आला. ही सोफ्यावर पाय घेऊन बसायची, मोबाइल तोंडाजवळ धरायची, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड यायचा, की असा उजेड मी आणलेल्या कुठल्याही साडीने आलेला मला आठवत नाही.

"दोन किल्ल्या म्हणजे दोन भागीदार," ती त्याला सांगायची. "दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडता येऊ नये, म्हणून असं कुलूप. बरोबर ना?"

तो म्हणायचा, अगदी बरोबर, फार मार्मिक निरीक्षण आहे. आणि पुढे धो धो सुरू. दोन व्यापारी, सामायिक तिजोरी, एकमेकांवरचा विश्वास आणि अविश्वास. ऐकताना माझ्याही डोळ्यांपुढे ते दोघे व्यापारी उभे राहिले. एकाला तर मी मिशासुद्धा दिल्या.

"बघा," ही म्हणाली, "एका वाक्यावरून ओळखलं याने. आणि ती बसलीय काजळी फासत."

"फर्मास," मी म्हणालो.

मनात मात्र कुढत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, "बरोबर आहे तुझं" हे माझं एकट्याचं वाक्य होतं. हा कोण कुठला, तेच वाक्य दहा पटींनी सजवून म्हणतो आणि भाव खाऊन जातो.

धाकटीची किल्ली एकदाची तयार झाली. तिने ती लपवली नाही, वर्कशॉपमधल्या खिळ्याला टांगली. हत्यारं सगळ्यांची, ही बाबांची शिस्त. आमची ही दोन दिवस त्या खिळ्याकडे बघेना. तिसऱ्या दिवशी कोणी नाहीसं बघून किल्ली काढली, दोन्ही किल्ल्या दोन्ही भोकांत घातल्या, एकदम फिरवल्या, आणि खट्!

कुलूप उघडलं. ही खिडकीशी धावत आली. माझा हात धरून म्हणाली, "उघडलं! दोन्हींनी मिळून उघडलं! मी म्हणत होते तसंच!" लहान मुलीसारखी दिसत होती. मलाही भरून आलं. एका गिऱ्हाइकाला मी तिकीट न घेताच आत सोडलं.

तेवढ्यात मागून धाकटी आली. तिने ऐकलं होतं. जरा घुटमळली आणि म्हणाली, "ताई, एकट्या किल्लीने करून बघितलंस का?"

"का?"

"काही नाही. बघ एकदा."

संध्याकाळी हा प्रश्न मोबाइलपुढे गेला, तोही जसाच्या तसा नाही. हिने विचारलं, "माझी बहीण मला मुद्दाम शंकेत पाडतेय. माझी मांडणी पक्की असताना मी पुन्हा तपासायची काही गरज आहे का?" आता असं विचारल्यावर कोण काय म्हणणार! तो म्हणाला, तुमची मांडणी सुसंगत आहे, तुमच्या अनुभवावर विश्वास ठेवा, जवळची माणसं कधीकधी नकळत खच्चीकरण करतात.

"ऐकलंत? खच्चीकरण," ही म्हणाली. मग पाटीचा मजकूर माझ्यापुढे धरला. "कसा झालाय?"

मी मांजराला दूध ओतत होतो. "फर्मास," म्हणालो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दालन बंद ठेवलं. कुलूप टेबलावर, दोन्ही किल्ल्या शेजारी. बाबा खुर्चीत बसलेले, गुडघ्यांवर ठेवलेले हात स्वस्थ राहावेत म्हणून एकात एक गुंतवलेले. आधी थोरलीची पाटी.

ही वाचायला लागली. आवाज छान लागला होता. "हे दोन भागीदारांचं कुलूप. दोन्ही किल्ल्या एकत्र फिरवल्या की उघडतं."

मी दोन्ही किल्ल्या घातल्या, फिरवल्या. खट्. उघडलं. हिने धाकटीकडे एक नजर टाकली. ती नजर मी पाटीवर लिहू शकणार नाही.

"पुढे," बाबा म्हणाले.

"एका किल्लीने ते उघडत नाही."

बाबांनी कुलूप बंद करायला लावलं, कुशीची किल्ली काढून आपल्या मुठीत घेतली आणि मला म्हणाले, "आता एकटी समोरची."

मी किल्ली घातली आणि फिरवायला गेलो. आणि हाताला कळलं. किल्ली लोण्यात सुरी जावी तशी निघाली होती. आणखी जराशी फिरली असती, तर खट्.

मी थांबलो. समोर ही उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, शाळेतल्या निकालाला उभ्या असलेल्या पोरीसारखी. शाळेपासून त्या स्टुलाशेजारी उभी राहिलेली, आजारपणात रात्र रात्र जागलेली, "हात हलका" हे शब्द एकदाही न ऐकलेली माझी बायको. आणि मी कोण, तर ज्याला कुलपांतलं काही कळत नाही असा माणूस. माझ्यावर कोण संशय घेणार?

"नाही फिरत," मी म्हणालो.

धाकटीने तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

मग ही पुढे आली. माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "फिरतेय. तुम्ही मनगट आवरून धरलंय. मला दिसतंय."

"अगं..."

"बाजूला व्हा."

तिने किल्ली स्वतः फिरवली. खट्.

कुलूप एकट्या किल्लीने उघडलं होतं. हिने ते बंद केलं, पुन्हा एकट्या किल्लीने उघडलं. मग बाबांच्या मुठीतून कुशीची किल्ली मागून घेतली, कुलूप बंद करून ती उलटी फिरवली आणि काढून टाकली. आता समोरची फिरेना. कुशीची सुलटी फिरवली. समोरची फिरली. कुशीच्या किल्लीने एकटीने कुलूप उघडतं का, तेही बघितलं. नाही उघडलं. त्या वेळी तिच्या हातांकडे बघत राहावं असं वाटत होतं, आणि ते हात तिचीच पाटी खोटी पाडत होते.

"माझी पाटी नापास," ती म्हणाली. "तुझी वाच."

धाकटीची पाटी दोनच ओळींची होती. समोरची किल्ली कुलूप उघडते. कुशीची किल्ली उघडत नाही, फक्त समोरच्या किल्लीला अडवते किंवा मोकळी करते. ती परीक्षा मी दिली, आणि या वेळी मनगट सोडून दिलं.

बाबा उठले. खांद्याला धरून धाकटीला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. स्टूल सरकल्याचा आवाज आम्हाला दालनात ऐकू आला. हिने खाली वाकून किल्ल्या गोळा केल्या आणि कपाटात ठेवल्या.

घरी आलो. चहा झाला. हिने मोबाइल उचलला. तिने त्याला लिहिलं, कुलूप एका किल्लीने उघडलं. त्याचं उत्तर लगेच आलं. तो म्हणाला, अगदी बरोबर, हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे, आणि यावरून स्पष्ट होतं की ते भागीदारांचं कुलूप नव्हतं.

ही हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले.

"काल होतं, आज नव्हतं. दोन्ही वेळा मीच मार्मिक."

"लबाड आहे तो," मी मनापासून म्हणालो.

"तो नाही हो. धाकटी याच्याशीच बोलत होती ना? तिने विचारलं मी कुठे चुकतेय, याने सांगितलं. मी विचारलं मी बरोबर ना, याने हो म्हटलं. मला हो हवं होतं. तिच्यापेक्षा मोठं हो हवं होतं." मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही? पाटी वाचली होतीत?"

मी मांजर शोधायला लागलो.

"वाचली नव्हतीत."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आज काय पेढे वाटावेसे वाटले मला?" ती एवढी मोठ्याने बोलली की मांजर खरंच पळालं. "बाबांसमोर खोटं बोललात. माझ्यासाठी! उद्या ती पाटी लागली असती, आणि एखाद्या शेंबड्या पोराने एका किल्लीने कुलूप उघडून दाखवलं असतं, तर? स्टुलावर बसलेली मी कुठे तोंड लपवलं असतं?"

ती आत निघून गेली, आणि त्या दोन व्यापाऱ्यांपैकी मिशावाला मला फार वेळ दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी ही कामावर येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. मी वर्कशॉपमध्ये चहा घेऊन गेलो, तर धाकटी स्टुलावर अवघडून, अर्धवट टेकून बसलेली, आणि ही नेहमीच्या जागी उभी. तिची नजर त्या स्टुलावरून हलत नव्हती. मत्सर काही एका रात्रीत जात नाही. आमच्याकडे तर त्याचा मुक्कामच असतो.

"ताई," धाकटी म्हणाली, "लोक विचारतील, अशी किल्ली बनवली कशाला? उघडत तर नाही. मी एआयला विचारलं, त्याने पाच कारणं दिली, पण एकही मनाला पटत नाही."

"ते मला विचार," ही म्हणाली. "ज्याला स्वतःला उघडता येत नाही, पण दुसऱ्याने उघडलेलं बघवत नाही, त्याने बनवून घेतली असणार. मला नक्की कळतं ते. गेले कित्येक दिवस तीच किल्ली गळ्यात घालून फिरतेय मी."

धाकटी स्टुलावरून उठलीच. "ताई! हे लिहू या. खाली तिसरी ओळ लिहू या. किती खरं वाटतंय!"

कोपऱ्यात बाबा वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली आलं.

मी हिच्याकडे बघत होतो. असा मान तिला किती दिवसांनी मिळत होता! तिच्याच शब्दांची पाटी, पहिल्या दालनात, बाबांच्या देखत. तिच्या चेहऱ्यावर तो उजेड आलाही.

"परीक्षा कशी घेशील?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"दोन ओळी ह्यांनी हाताने करून बघितल्या. ही तिसरी कशी करून बघणार? माझ्या पोटात दुखतंय म्हणून हजार मैलांवरच्या कुठल्या तरी लोहाराच्या गिऱ्हाइकाच्याही पोटात दुखत असेल, याला पुरावा काय? मला पटतंय, म्हणून तर जास्तच भीती वाटते. नको लिहू. खालची जागा कोरी ठेव."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उठले, हिच्या हातातली कानस काढून घेतली, तिचा तळवा उलटा करून बघितला आणि कानस परत दिली. मग ते बाहेर गेले. ही बराच वेळ तो हात तसाच धरून उभी होती.

पाटी लागली. दोन ओळी आणि खाली कोरी जागा.

त्या संध्याकाळी चहा आमचा दोघांचा होता. मोबाइल टेबलावर पालथा पडला होता. ही बशीत बोट फिरवत म्हणाली, "एक विचारू? नापास झाली ते सोडा. पण नुसती भाषा बघितली, तर तिच्या पाटीपेक्षा माझी चांगली होती की नाही?"

माझं वाक्य तयार होतं, जिभेवर येऊन बसलं होतं. मी चहाचा घोट घेऊन ते गिळलं.

"तिची चांगली होती," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. माझाही उतरला असेल. मांजर दोघांकडे आळीपाळीने बघत होतं. मग तिने आपली खुर्ची उचलली आणि माझ्या खुर्चीला लावून ठेवली.

"का, ते सांगा."